दीनबंधू अँड्र्यूज : काश्मिरी गेटमधील धर्मोपदेशक

नवी दिल्ली, ५ एप्रिल : दक्षिण दिल्लीत अँड्र्यूज गंज नावाची वसाहत आहे. बसच्या पाटीवर हे नाव रोज हजारो प्रवासी वाचतात. राजधानीतील इंग्रजी नावे बहुधा व्हाइसरॉयांची किंवा सेनापतींची असत, आणि त्यांतील बरीचशी स्वातंत्र्यानंतर पुसली गेली. हे नाव मात्र स्वतंत्र भारताने आपणहून ठेवले. ते चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचे आहे. ५ एप्रिल १९४० रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. धर्मोपदेशक म्हणून ते दिल्लीत आले, दहा वर्षे येथे राहिले, आणि ज्या नम्रतेचा उपदेश करण्यासाठी आले होते ती प्रथम आपल्याच लोकांनी शिकावयास हवी, या निष्कर्षाप्रत याच शहरात पोहोचले.

अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल-अपॉन-टाइन येथे झाला. वडील जॉन एडविन अँड्र्यूज हे कॅथलिक अपोस्टोलिक चर्च या लहानशा पंथाचे धर्मसेवक होते. पुढे कुटुंब बर्मिंगहॅमला आले. चार्ल्स नऊ-दहा वर्षांचे असताना घरावर एक आघात झाला. वडिलांच्या जिवलग मित्राकडे आईच्या वाट्याच्या मालमत्तेचा कारभार होता, आणि त्याने ती सट्ट्यात घालवली. घर एका रात्रीत गरिबीला आले. त्या संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत वडिलांनी त्या मित्राला शिव्याशाप दिले नाहीत. त्याला क्षमा मिळावी, त्याचे मन पालटावे, एवढेच मागितले. हा प्रसंग अँड्र्यूज यांनी पुढे आपल्या आत्मकथनात सविस्तर सांगितला आहे. शत्रूवर प्रीती करावी हा पाठ त्यांना धर्मग्रंथाच्या पानावर भेटण्याआधी घरात भेटला होता.

शिष्यवृत्तीच्या बळावर ते १८९० मध्ये केंब्रिजच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात दाखल झाले. शिक्षण संपता संपता वडिलांचा पंथ सोडून त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये प्रवेश केला. वडिलांना त्याचे दुःख झाले, तरी बाप-लेकांचे नाते तुटले नाही. १८९७ मध्ये धर्मगुरूची दीक्षा मिळाली. दक्षिण लंडनमधील वॉलवर्थ या दरिद्री वस्तीत त्यांनी काही काळ सेवा केली आणि प्रकृती ढासळल्यावर अध्यापनासाठी ते केंब्रिजला परतले. तेथील आयुष्य सुखाचे होते. तथापि त्यांचा मित्र बेसिल वेस्टकॉट दिल्लीतील केंब्रिज मिशनमध्ये काम करीत असताना १९०० मध्ये पटकीने मरण पावला. त्याची रिकामी जागा अँड्र्यूज यांना बोलावू लागली. २० मार्च १९०४ रोजी ते भारतात पोहोचले. हा दिवस पुढे ते आपला दुसरा जन्मदिवस मानीत, आणि द्विज या भारतीय शब्दाशी त्याची सांगड घालण्यात त्यांना आनंद वाटे.

दिल्ली तेव्हा राजधानी नव्हती. पंजाब प्रांतातील एक जुने, जखमी शहर होती. १८५७ च्या आठवणी सांगणारी माणसे अद्याप हयात होती. केंब्रिज मिशनने १८८१ मध्ये सुरू केलेले सेंट स्टीफन्स महाविद्यालय काश्मिरी गेटच्या आत होते. त्याच्या इमारतीत आज दिल्लीच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांचे कार्यालय आहे. महाविद्यालय १९४१ मध्ये विद्यापीठाच्या परिसरात गेले. याच इमारतीत अँड्र्यूज शिकवू लागले. वर्गाबाहेर ते विद्यार्थ्यांबरोबर फिरावयास जात, त्यांच्या घरी जात. गोऱ्या अध्यापकाने असे करणे सिव्हिल लाइन्समध्ये चमत्कारिक मानले जाई.

येथेच त्यांना सुशीलकुमार रुद्र भेटले. बंगाली ख्रिस्ती घराण्यातील रुद्र १८८६ पासून या महाविद्यालयात शिकवीत होते. वृत्ती शांत, मोजके बोलणे आणि स्वाभिमान पक्का. भारतीय मनुष्य राज्यकर्त्यांच्या वागण्याने कोठे दुखावतो, हे अँड्र्यूज यांना पुस्तकांनी सांगितले नव्हते. ते रुद्र यांच्या घरी, त्यांच्या जेवणाच्या मेजावर कळले. १९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामे झाले. रुद्र सर्वांत ज्येष्ठ होते, परंतु मिशनच्या महाविद्यालयाचा प्रमुख भारतीय असावा ही कल्पना वरिष्ठांना पेलत नव्हती. पालक मुले पाठवणार नाहीत, शिस्त राहणार नाही, इंग्रज अध्यापक भारतीयाच्या हाताखाली कसे राहतील, अशा शंका निघाल्या. डोळे अँड्र्यूज यांच्याकडे लागले होते. त्यांनी पद नाकारले, आणि रुद्र यांची नेमणूक होणार नसेल तर आपण महाविद्यालय सोडू, असे स्पष्ट कळवले. रुद्र प्राचार्य झाले, अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली काम करू लागले. रुद्र यांनी १९२३ पर्यंत ते पद सांभाळले, आणि व्यक्त केलेल्या शंकांपैकी एकही खरी ठरली नाही.

अँड्र्यूज यांच्या चरित्रात या घटनेला दक्षिण आफ्रिकेइतके महत्त्व सहसा दिले जात नाही. ते द्यावयास हवे. मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांत येशूने डोंगरावर बसून दिलेले प्रवचन आहे. आत्म्याने दीन, शोकाकुल, सौम्य, नीतिमत्त्वासाठी भुकेले, दयाळू, निर्मळ अंतःकरणाचे, शांती करणारे आणि छळ सोसणारे यांना त्यात धन्य म्हटले आहे. पुढे हे प्रवचन कृतीच्या मागे असलेल्या मनाकडे वळते. खून न करणे पुरेसे नाही, राग टाकला पाहिजे. दान द्यावे पण दवंडी पिटू नये. प्रार्थना करावी ती दार लावून. बाहेरच्या आचारापेक्षा आतले नीतिमत्त्व मोठे, हा त्याचा गाभा होय. वसाहतीच्या काळात हेच प्रवचन एका विचित्र पेचात सापडले होते. सौम्यांना धन्य म्हणणारा उपदेशक राज्यकर्त्यांच्या जातीचा, आणि ऐकणारा जिंकलेल्या देशातला. अशा वेळी नम्रतेचा उपदेश हा मान खाली घालून राहण्याचा सल्ला ठरतो. सुशिक्षित भारतीय तरुणाला तो तसाच ऐकू येत होता, आणि त्यात त्याची चूक नव्हती. अँड्र्यूज यांनी उपदेशाचा रोख उलटा केला. नम्र व्हावयाचे तर ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने प्रथम व्हावे, हे त्यांनी आपल्या पदावर पाणी सोडून दाखवले.

हा पेच महाराष्ट्रालाही अनोळखी नव्हता. त्याच सुमारास अहमदनगरला कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीत आणीत होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि अखेर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून स्वतंत्र झाले. टिळकांना विदेशी चौकटीतून बाहेर पडावयाचे होते. अँड्र्यूज हे त्या चौकटीच्या आतून आलेले, तरीही तीन वर्षे आधी तेच पाऊल उचलणारे.

दिल्लीच्या वर्षांत आणखी काही माणसांनी त्यांना घडवले. मुन्शी झकाउल्ला हे जुन्या दिल्ली कॉलेजचे गणिती आणि इतिहासकार तेव्हा वृद्ध झाले होते. त्यांच्याकडून अँड्र्यूज यांनी हिंदू-मुसलमानांच्या सामायिक संस्कृतीची ती दिल्ली ऐकली, जी १८५७ नंतर मोडली होती. १९१० मध्ये झकाउल्ला वारले. अँड्र्यूज यांनी १९२९ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. ख्रिस्ती धर्मोपदेशकाने एका मुसलमान विद्वानाचे चरित्र, त्याला गुरुस्थानी मानून लिहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. सिमल्याजवळच्या डोंगरात त्यांची गाठ सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन तरुणाशी आणि भगवी कफनी घालणाऱ्या साधू सुंदरसिंग यांच्याशी पडली. बंगला, नोकरचाकर आणि वेतन यांसह ख्रिस्त सांगणे त्यांना अधिकाधिक अवघड वाटू लागले.

राजकारणात ते ओढले गेले ते एका पत्रामुळे. १९०६ मध्ये लाहोरच्या सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेटमध्ये सुशिक्षित भारतीयांची हेटाळणी करणारा मजकूर आला. अँड्र्यूज यांनी त्याच वृत्तपत्रात निषेध नोंदवला. एका इंग्रज पाद्र्याने असे लिहावे याचे देशभर नवल झाले. लाला लजपतराय यांच्याशी ओळख झाली, त्याच वर्षीच्या कोलकाता काँग्रेसला ते हजर राहिले, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी स्नेह जडला. १९१२ मध्ये लंडनमध्ये रवींद्रनाथ ठाकूर भेटले. त्या रात्री गीतांजलीचे वाचन ऐकून अँड्र्यूज जे भारले गेले ते आयुष्यभर तसेच राहिले.

गोखल्यांमुळे त्यांच्या जीवनाने निर्णायक वळण घेतले. १९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा सत्याग्रह ऐन भरात होता आणि हजारो मजूर तुरुंगात होते. गोखले त्यांच्यासाठी निधी गोळा करीत होते. लाहोरमध्ये अँड्र्यूज यांनी आपली आयुष्यभराची शिल्लक त्यांच्या हाती ठेवली. तेवढ्यावर भागले नाही. गोखल्यांच्या सांगण्यावरून ते आणि त्यांचे मित्र विल्यम पिअर्सन आफ्रिकेस निघाले. २ जानेवारी १९१४ रोजी जहाज दरबानच्या धक्क्याला लागले. गांधी कोण, अशी त्यांनी चौकशी केली. मजुरासारख्या साध्या पांढऱ्या वेशातील, मुंडण केलेला, कृश मनुष्य कोणीतरी दाखवला. अँड्र्यूज वाकले आणि त्यांनी गांधींच्या पायांना हात लावला.

तेथील गोऱ्या वृत्तपत्रांत गहजब झाला. धर्मगुरूने, तोही इंग्रज, एका आशियाई माणसाच्या पाया पडावे हा वर्णाचा अपमान समजला गेला. अँड्र्यूज यांनी खुलासा करण्याच्या भानगडीत फारसा वेळ घालवला नाही. गांधी आणि जनरल स्मट्स यांच्यातील बोलणी मार्गी लावण्यात त्यांनी मध्यस्थ म्हणून मोठा वाटा उचलला. त्याच जानेवारीत इंग्लंडमध्ये त्यांच्या आईचे निधन झाले. आई आजारी असल्याचे त्यांना ठाऊक होते, पण काम अर्धवट टाकून निघणे त्यांच्याने झाले नाही. अखेरची भेट हुकली, ती हुकलीच.

परतल्यावर १९१४ मध्येच त्यांनी दोन गाठी सोडल्या. अविश्वासूंना चिरंतन शिक्षेचा धाक घालणारी श्रद्धावचने व्यासपीठावरून म्हणणे मनाला पटत नव्हते, म्हणून धर्मगुरूचे अधिकृत कार्य त्यांनी थांबवले. दिल्लीचे महाविद्यालय सोडून ते शांतिनिकेतनात गेले. ख्रिस्तावरील निष्ठा मात्र ढळली नाही. दिल्लीही सुटली नाही. एप्रिल १९१५ मध्ये गांधी प्रथमच दिल्लीत आले ते काश्मिरी गेटला रुद्र यांच्याच घरी उतरले. असहकाराच्या चळवळीची आखणी झाली तीही बरीचशी त्याच छपराखाली.

डोंगरावरील प्रवचनाने गांधींना विलायतेत विद्यार्थी असतानाच वेड लावले होते. दोघांच्या मैत्रीचा पाया तोच होता. परंतु ही मैत्री होकारापुरती नव्हती. एप्रिल १९१८ मध्ये व्हाइसरॉयने दिल्लीत युद्ध परिषद बोलावली तेव्हा गुप्त तहांच्या बातम्या दाखवून अशा परिषदेला जाणे योग्य कसे, असा प्रश्न अँड्र्यूज यांनी गांधींना केला. गांधी गेले, सैन्यभरतीसाठी खेड्यांत फिरलेही, आणि अहिंसेच्या प्रचारकाने हे कसे करावे यावरून दोघांत लांबलचक पत्रव्यवहार झाला. १९२१ मध्ये विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या. कोणीतरी कष्टाने विणलेले वस्त्र जाळण्यात द्वेषाची धग आहे, असे अँड्र्यूज यांना वाटले, आणि त्यांनी ते कळवले. गांधींनी ते पत्र आपल्या यंग इंडियात छापले आणि उत्तर दिले. आतल्या नीतिमत्त्वाचा आग्रह मित्रापुढेही ढिला पडला नाही. दोघांपैकी कोणाचे बरोबर होते यावर आजही मतभेद होऊ शकतात. होळीमागील राजकीय निकड अँड्र्यूज यांना पुरती उमगली नव्हती, असे म्हणावयास जागा आहे.

फिजी बेटांवरील त्यांचे काम हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. १८७९ पासून सुमारे ६० हजार भारतीय पाच वर्षांच्या करारावर तेथील उसाच्या मळ्यांत नेले गेले होते. या कराराला मजूर गिरमिट म्हणत. अँड्र्यूज आणि पिअर्सन १९१५ मध्ये तेथे गेले, बराकींत हिंडले, मजुरांशी बोलले. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवण्याच्या नियमाने संसार कसे उद्ध्वस्त झाले आणि आत्महत्यांचे प्रमाण किती वाढले, हे त्यांच्या अहवालाने उघड केले. मार्च १९१६ मध्ये मदनमोहन मालवीय यांनी कायदेमंडळात मांडलेला गिरमिट बंद करण्याचा ठराव लॉर्ड हार्डिंज यांनी स्वीकारला. अंमलबजावणीत चालढकल दिसताच अँड्र्यूज १९१७ मध्ये पुन्हा फिजीला गेले. १ जानेवारी १९२० रोजी उरलेले सर्व करार रद्द झाले. दीनबंधू हे नाव त्यांना चिकटले ते या मजुरांमुळे; गांधी आणि दिल्लीतील विद्यार्थी यांनी ते देशभर केले.

१९१९ मध्ये पंजाबात लष्करी कायदा असताना ते अमृतसरला गेले, तेव्हा त्यांना अटक करून प्रांताबाहेर काढण्यात आले. बंदी उठल्यावर ते परत गेले आणि खेडोपाडी हिंडले. फटक्यांची शिक्षा भोगलेल्या एका शीख गृहस्थाच्या पायांवर त्यांनी डोके ठेवले आणि आपल्या देशबांधवांच्या वतीने क्षमा मागितली. तो गृहस्थ रडू लागला. शोक करणाऱ्यांना धन्य म्हणणे एक, आणि ज्याच्यामुळे तो शोक उत्पन्न झाला त्यांच्या बाजूने उभे राहून हात जोडणे दुसरे. पुढच्या काळात भारताला संपूर्ण स्वातंत्र्य हवे, असे त्यांनी उघडपणे लिहिले. काँग्रेसने तसा ठराव केला तो १९२९ मध्ये. इंग्रजांतील अनेकांनी त्यांना देशद्रोही ठरवले, तर काही भारतीयांना हा सरकारचा हेर असावा असा संशय येई. दोन्ही बाजूंनी उपेक्षा सोसताना त्यांनी कोणाशी वैर धरल्याचे दिसत नाही.

१९२४ हे वर्ष मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटेल. जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा अँड्र्यूज धावत पुण्याला आले; पुढे जुहूच्या मुक्कामातही सोबत राहिले. त्याच वर्षी कोहाटच्या दंगलीनंतर हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी गांधींनी दिल्लीत मौलाना महंमद अली यांच्या घरी २१ दिवसांचे उपोषण आरंभले. अँड्र्यूज उशापायथ्याशी होते. यंग इंडियाचा भारही त्यांनी उचलला. ८ ऑक्टोबरला उपोषण सुटले. त्या वेळी इमामसाहेबांनी कुराणाचा आरंभीचा भाग म्हटला, अँड्र्यूज यांनी गांधींना प्रिय असलेले ख्रिस्ताच्या क्रुसावरील गीत गायिले, विनोबांनी उपनिषदे म्हटली आणि त्यांचे बंधू बाळकोबा यांनी वैष्णवांचे भजन गायिले. वीस वर्षांपूर्वी ज्या दिल्लीत ते इतरांना ख्रिस्ती करावयास आले होते, तेथे ते आता चौघांतील एक म्हणून गात होते. त्या खोलीत त्यांनी कोणाला धर्म बदलावयास सांगितले नाही आणि आपला धर्म लपवलाही नाही.

माणूस म्हणून ते अव्यवस्थित होते. अंगावरची शाल, पांघरुणे, हाती आलेले पैसे ते समोरच्या गरजवंताला देऊन टाकीत आणि मग मित्रांना त्यांच्यासाठी कपडे शोधावे लागत. धोतर त्यांना कधी नीट नेसता आले नाही. लेखन अफाट, पण घाईचे, प्रवास अखंड. १९२५ आणि १९२७ अशी दोन वर्षे त्यांनी अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्षपद सांभाळले. जून १९२५ मध्ये रुद्र वारले, आणि काश्मिरी गेटचे ते घर अँड्र्यूज यांच्यापुरते ओस पडले. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी आपल्यावरील ख्रिस्ताचे ऋण सांगितले. त्यात रुद्र, झकाउल्ला, ठाकूर आणि गांधी यांची पाने वगळली तर फार थोडे उरते.

१९४० च्या आरंभी ते कोलकात्यात आजारी पडले. गांधी रुग्णालयात भेटून गेले. शस्त्रक्रियेनंतर ५ एप्रिलला त्यांनी देह ठेवला. अंत्यविधी कोलकात्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांनी केला. दिल्लीत पटकीने गेलेल्या, ज्याच्या रिकाम्या जागेसाठी अँड्र्यूज भारतात आले, त्या बेसिलचे ते भाऊ. लोअर सर्क्युलर रोडवरील दफनभूमीत त्यांना मातीआड करण्यात आले. पुढे त्यांच्या जन्मशताब्दीला, १९७१ मध्ये, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

येशूचे चरित्र लिहावयाचे त्यांच्या मनात अनेक वर्षे होते. ते राहून गेले. डोंगरावरील प्रवचनावरचे त्यांचे पुस्तक मात्र मागे उरले होते. ते १९४२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गांधींनी मुंबईत मुक्काम करून शांतिनिकेतनातील त्यांच्या स्मारकासाठी पाच लाख रुपये जमवले.